हरकत आहे!

मराठी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सगळ्यांत जास्त वेळा येणारे दोन शब्द कोणते, असं कुणी मला विचारलं, तर मी डोळे मिटून सांगेन, 'हरकत नाही'. चहात साखर कमी पडली? हरकत नाही. एका रात्रीसाठी आलेले पाहुणे आठवडाभर राहिले? हरकत नाही. बसमध्ये कुणी कचकन पायावर पाय दिला, तरी कळवळत का होईना, आपणच म्हणतो, "हरकत नाही, हरकत नाही!" आणि दोनदा म्हणतो, कारण पाय देणाऱ्याला ओशाळल्यासारखं होऊ नये. मुलगी पाहून गेलेली मंडळीसुद्धा 'मुलगी आवडली' असं कधी कळवत नसत. 'आमच्याकडून काही हरकत नाही' असं कळवत. जणू काही सूनबाई म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी!

अशा ह्या सोशिक समाजाला महानगरपालिका अधूनमधून वर्तमानपत्रात जाहीर निवेदन देऊन विचारते की, अमुक प्रस्तावाबाबत कुणाच्या काही हरकती व सूचना असल्यास त्या एक महिन्याच्या आत लेखी कळवाव्यात. आता जन्मभर 'हरकत नाही'चा जप केलेल्या जिभेनं तीस दिवसांत एकदम 'हरकत आहे' म्हणायचं म्हणजे काही सोपं काम नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांचा महिना घसा साफ करण्यातच जातो. उरलेल्या निम्म्यांना ते निवेदन दिसतच नाही. मग पालिका समाधानानं नोंद करते, 'विहित मुदतीत हरकती प्राप्त झाल्या नाहीत.' म्हणजे जनतेची संमती आहे. मौन हे संमतीचं लक्षण, हे वचन ज्या कुणी प्रथम उच्चारलं, तो गृहस्थ पूर्वजन्मी नगररचना खात्यात असला पाहिजे.

माझी पहिली हरकत त्या निवेदनालाच आहे. निवेदन द्यायचं, पण ते कुणाला दिसता कामा नये, ही कला आमच्या शहराच्या पालिकेनं (शहराचं नाव सांगत नाही, उगाच त्यावरही सुनावणी लागायची) फार वरच्या दर्जाला नेऊन ठेवली आहे. आमच्या भागात जे वर्तमानपत्र घरोघर येतं, त्यात ते छापायचं नाही. जे येतं ते कोण वाचतं असा प्रश्न पडावा, अशा पत्रात छापायचं. तिथंही 'मी माझं नाव बदललं आहे' आणि 'सातबाराचा मूळ उतारा गहाळ झाला आहे' ह्या दोघांच्या मधल्या बोळात. अक्षर असं, की मुंगीनं चष्मा लावावा. आणि मुहूर्त गणपतीच्या आदल्या आठवड्याचा किंवा दिवाळीचा, म्हणजे ज्या दिवशी वर्तमानपत्राचा उपयोग फराळाच्या डब्याखाली घालण्यासाठी होतो.

समजा, एखाद्या चिकट माणसानं ते वाचलंच, तरी घाबरायचं कारण नाही. कारण त्याला ते कळणार नाही. आमच्या इथल्या मैदानाचीच गोष्ट घ्या. आमच्या तीन पिढ्या त्याला जांभळीचं मैदान म्हणतात. जांभूळ केव्हाच पडलं, पण नाव राहिलं. निवेदनात मात्र ते असं येतं: 'मौजे अमुक येथील स. नं. ४७, हिस्सा नं. ३अ/२ (पै.), पूर्वेस स. नं. ४८, पश्चिमेस नाला, दक्षिणेस १२ मी. रुंद नियोजित डी. पी. रस्ता.' आता त्या नाल्यावर गेली वीस वर्षं गाळे आहेत, आणि बारा मीटरचा तो रस्ता अजून नकाशाच्या बाहेर पडलेला नाही. तेव्हा पश्चिमेला नसलेला नाला आणि दक्षिणेला नसलेला रस्ता ह्यांच्या मधली जागा म्हणजे आपल्या घरासमोर बंड्या-गुंड्या जिथं क्रिकेट खेळतात ती, हे कुणाच्या बापाला समजणार? मी वर्तमानपत्र वाचून खाली ठेवलं होतं. आमच्या तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर (त्यांना भूगोल शिकवण्याची जन्माची खोड) कागदावर चौकोन आखत बसले, आणि संध्याकाळी जिन्यावरून ओरडले, "अहो, हे तर आपलं मैदान!"

प्रस्ताव असा होता, की मैदानाचं आरक्षण वगळून ती जागा व्यापारी वापराला द्यायची. कायद्याच्या भाषेत ह्याला 'किरकोळ फेरबदल' म्हणतात. हा माझा विनोद नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ह्या भारदस्त नावाचा एक कायदा आहे, त्याचं कलम ३७. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही, एवढा लहानसा बदल ह्या कलमाखाली करता येतो. त्यासाठी एक महिन्याची मुदत देऊन लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि मग तो राज्य सरकारकडे मंजुरीला पाठवायचा. आता मैदान जाऊन त्या जागी दुकानं येणं हे किरकोळ कसं, असं तुम्ही विचाराल. दुकानं किरकोळ विक्रीची असणार, म्हणून असेल.

कायदा असंही म्हणतो, की बदलामुळं जे बाधित होतील त्यांना नोटीस बजावावी. मालकाला ती बजावली जाते, पोच घेऊन. वास्तविक त्या जागेतून मालक बाधित व्हायचा काहीच संबंध नाही. तो त्या जागेवर गेल्या पंचवीस वर्षांत फिरकलेला नाही. बाधित होणार ती चार ते सातच्या दरम्यान तिथं असणारी साठ-सत्तर पोरं. त्यांना नोटीस बजावायची तर घर नंबर कुठला लिहिणार? 'स्क्वेअर लेग, विजेच्या खांबाजवळ'?

असो. आम्ही हरकत घेतली. एका कागदावर चारशे बारा सह्या गोळा केल्या, तीन प्रती काढल्या, पालिकेच्या आवक-जावक बारनिशीत देऊन पोच घेतली. बारनिशीच्या बाईंनी शिक्का मारताना फक्त एवढंच विचारलं, "काका, पाण्याचं आहे का कुत्र्यांचं?" मी म्हटलं, "मैदानाचं." त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत करुणा होती.

यथावकाश सुनावणीचं पत्र आलं. 'सुनावणी' ह्या शब्दाबद्दल मला फार दिवस कुतूहल होतं. आपल्या घरात 'आज मी त्यांना चांगलं सुनावलं' असं म्हणतात, तेव्हा कोण बोललं आणि कोण गप्प बसलं, ह्याबद्दल शंका राहत नाही. तिथं गेल्यावर कळलं, की सरकारी अर्थही साधारण तोच. वेळ सकाळी अकरा, वार मंगळवार. म्हणजे ज्याला नोकरी आहे, दुकान आहे, ज्याला पोर शाळेतून आणायचं आहे किंवा जी बाई चार घरची कामं करते, ते सगळे आपोआप गळतात. राहतो कोण? पेन्शनर! त्यामुळं सुनावणीच्या दालनात बसलेल्या साहेबांना शहरात साठीच्या खाली माणूसच राहत नाही असं वाटत असलं, तर त्यांचा काय दोष?

माझा नंबर दोनशे चौदावा होता, कारण त्या एका दिवसात सहा प्रस्तावांची सुनावणी उरकायची होती. माणशी तीन मिनिटं. पण आमच्या पेन्शनर मंडळींनी ह्या संधीची वर्षानुवर्षं वाट पाहिलेली. आयुष्यात पहिल्यांदा पालिका स्वतःहून 'बोला' म्हणते आहे! मग विषय कुठला आणि प्रस्ताव कुठला, ह्याचं भान कोण ठेवतो? एक आजोबा वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल बोलले. एक भटक्या कुत्र्यांबद्दल. एक वहिनी शेजारच्या मंगल कार्यालयाच्या बँडबद्दल बोलता बोलता वधूपक्षाच्या जेवणावर घसरल्या. एकानं तर शेजाऱ्याचा पोपट आपलं नाव घेऊन हाका मारतो, अशी हरकत घेतली. आणि वाचकहो, साहेब हे सगळं ऐकत होते! नुसतं ऐकत नव्हते, हसत होते, मान हलवत होते, कारकुनाला 'लिहून घ्या' म्हणत होते. पोपटाला साडेसात मिनिटं मिळाली.

हेडमास्तर उभे राहिले. अकरा पानी निवेदन, सोबत रंगीत नकाशा. तिसऱ्या पानावर साहेब म्हणाले, "काका, मुद्द्यावर या." मास्तर म्हणाले, "मुद्दा सातव्या पानावर आहे." साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं.

त्या दिवशी मैदानाबद्दल नेमकं बोलली ती एकच बाई. आमच्या मागच्या वस्तीतली, त्या दिवसाचा कामावरचा खाडा करून आलेली. तिच्याकडं कागद नव्हता. ती म्हणाली, "साहेब, आमची दहा बाय बाराची खोली. पाच माणसं. माझं पोरगं शाळेतनं आलं की दिवेलागणीपर्यंत तिथं मैदानात असतं. ते तीन तास तुम्ही काढून घेतले, तर त्याला ठेवायचा कुठं, तेवढं मला तुमच्या नकाशात दाखवा." दालन एकदम गप्प झालं. साहेब नकाशाकडं पाहत राहिले. त्यात ते नव्हतं. मग त्यांनी कारकुनाला हळूच काहीतरी सांगितलं. पुढं माहितीच्या अधिकारात कागद मिळाले, तेव्हा तिच्या नावासमोरच्या रकान्यात लिहिलेलं वाचलं: 'भावनिक स्वरूपाची हरकत. नोंद घेतली.'

ह्या 'नोंद घेतली'ला माझी सगळ्यांत मोठी हरकत आहे. पालिका म्हणते, आम्ही लोकांच्या मतांचं वजन करतो. सरकारी कचेरीत कागदावर वजन ठेवणं ह्याचा एक जुना आणि सर्वमान्य अर्थ आहे, त्यात मी शिरत नाही. पण साधं, वाण्याच्या तराजूतलं वजन तरी होतं का? आमच्या चारशे बारा सह्यांची हरकत बारनिशीत 'एक' म्हणून लागली, कारण कागद एक होता. उलट बदलाच्या बाजूनं तीनशे अर्ज आले. सगळे एकाच मजकुराच्या झेरॉक्स प्रती, नावापुरती जागा मोकळी, आणि ती नावं भरणाऱ्या हाताला तीनशेव्या अर्जापर्यंत चांगलाच कंटाळा आलेला दिसत होता. ते धरले गेले तीनशे. अहवालात वाक्य असं: 'बहुसंख्य नागरिकांची प्रस्तुत बदलास हरकत नाही.' मोजणी बरोबर, वजन मात्र कुणी केलंच नाही. ज्या बाईनं दिवसाची मजुरी बुडवून तोंड उघडलं, तिच्या शब्दाचं वजन आणि ज्यानं झेरॉक्सच्या दुकानात बसून सही ठोकली, त्याच्या शब्दाचं वजन एकच?

आता आमचे एक परममित्र आहेत, त्यांना शहराच्या प्रगतीची फार काळजी. त्यांच्या मते, हरकती घेणारे आम्ही लोक म्हणजे विकासाच्या गाड्याला लागलेली खीळ. "तुम्हाला रस्ता रुंद हवा, पण भिंत मागं घ्यायची नाही. दवाखाना जवळ हवा, पण ॲम्ब्युलन्सचा भोंगा नको. स्वच्छतागृह हवं, पण दुसऱ्याच्या दारासमोर!" हे म्हणणं खरं आहे. स्वच्छतागृहाच्या प्रस्तावावर जेवढ्या तातडीनं हरकती जातात, तेवढ्या तातडीनं लोक स्वच्छतागृहातसुद्धा जात नाहीत. सगळ्या हरकती मान्य केल्या, तर शहरात एक दिव्याचा खांबही उभा राहायचा नाही, हेही मला मान्य. पण मग तेवढ्यासाठीच तर वजन करायचं! माझी हरकत फेटाळा. खुशाल फेटाळा. पण का फेटाळली, ते एका ओळीत लिहा. 'मैदानापेक्षा इथं दुकानांची गरज अधिक आहे, कारण...' त्या 'कारण'च्या पुढं काहीतरी लिहा. तिथं काही सुचत नसलं, तर पंचाईत माझी नव्हे.

आणि हरकतींनी काही होत नाही, हेही खोटं आहे. मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी तो उघडून पाहिला, तर उभ्या इमारतींतून रस्ते गेलेले, असलेल्या गोष्टी नसलेल्या आणि नसलेल्या असलेल्या! हजारोंनी हरकती गेल्या, ओरड झाली, आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द करून नव्यानं करायला सांगितलं. सुधारलेला आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. जे शहर आपल्याला लोकलमध्ये उभं राहायला जागा देत नाही, त्या शहरात लोकांनी अख्खा आराखडा परत पाठवला! पुण्यात तर २०१३ च्या मसुद्यावर सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास हरकती आणि सूचना आल्या. आता गंमत बघा. माणशी तीन मिनिटं धरली आणि साहेब दिवसाला सहा तास न उठता बसले, तर हे ऐकून संपायला सातशे पंचवीस दिवस लागतील. शेवटी मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारनं तो आराखडा पालिकेकडून स्वतःकडं घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. ह्यावर आमचे मित्र म्हणतात, "बघा, लोकांना विचारलं की अशी वाट लागते." मी म्हणतो, वीस-वीस वर्षांत एकदा विचारलंत, तर सत्त्याऐंशी हजार तुंबणारच. दर महिन्याला मोहल्ल्यात येऊन विचारा, तुंबारा होणार नाही. तसा कायदाही आहे, २००९ पासूनचा. त्यात प्रभागातल्या मतदारांची क्षेत्रसभा सांगितलेली आहे. आमच्या भागात ती सभा भरलेली पाहिलेला माणूस मी अजून शोधतो आहे.

लोकांना मत नसतं, ही तर शुद्ध थाप. २०२५ च्या ऑगस्टात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हा आठवा. कबुतरांना दाणे घालावेत की नाही ह्यावर मत नसलेला एक तरी माणूस तुम्हाला तेव्हा भेटला होता का? धर्म, दमा, भूतदया, गॅलरी, सगळं त्यात आलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि सकाळी दोन तास दाणे घालू द्यायचे असतील तर आधी लोकांच्या हरकती मागवा, असं न्यायालयाला पालिकेला सांगावं लागलं. थोडक्यात काय, डोक्यावर काही पडलं की आपण बोलतो. पायाखालची जमीन सरकते, तेव्हा मात्र बोलत नाही, कारण ती आवाज न करता सरकते.

पण ह्यातली खरी मेख मला त्या पोपटाच्या दिवशीच उमगली. पालिकेत उपद्रवांचं टेबल तळमजल्यावर आहे आणि जमिनीच्या वापराचं चौथ्या मजल्यावर; आणि लिफ्ट बंद आहे. माणूस जन्मभर तळमजल्यावर तक्रारी करत राहतो. त्याला कुणी सांगत नाही, की तुझा उपद्रव वर चौथ्या मजल्यावर जन्माला आला. त्या वहिनींचंच पाहा. निवासी भागात रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, दिवसा ५५ च्या वर नाही, असा नियम २००० सालापासून आहे. वहिनी तो पाठ म्हणून दाखवतात. तळमजल्यावर गेल्या, तर 'पोलिसांकडं जा'. पोलिसांकडं गेल्या, तर 'यंत्र दुरुस्तीला गेलंय'. पण ते मंगल कार्यालय ज्या जागेवर आहे, तिथं मुळात बागेचं आरक्षण होतं. ते उठलं त्या वर्षी निवेदन आलं होतं, महिन्याची मुदत होती, आणि एकही हरकत गेली नव्हती. आता वहिनी बागेऐवजी बँड ऐकतात. तसंच फुटपाथवरच्या गॅरेजचं. वाहनतळाची जागा कागदावर राहिली, म्हणून गाड्या फुटपाथवर आल्या. गाड्या आल्या म्हणून गॅरेज आलं. गॅरेज आलं म्हणून आजोबा रस्त्यावर आले.

आणि आरक्षण उठायला कुणी काही करावंच लागतं, असंही नाही. नुसतं बसून राहिलं तरी पुरतं. त्याच १९६६ च्या कायद्याचं कलम १२७ आहे. पालिकेनं दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण 'व्यपगत' होतं. काय सुरेख शब्द आहे! एखाद्या वृद्ध संन्याशानं समाधी घ्यावी, तसं मैदान व्यपगत होतं. मालकावर अन्याय नको, हे बरोबरच. त्याची जागा अडकवून ठेवायची आणि पैसे द्यायचे नाहीत, हे कुणालाही चालणार नाही. पण दहा आणि दोन मिळून बारा वर्षं पालिका काय करत होती? बारा वर्षांत गंगेला घोडं न्हातं, मुलगा पहिलीतून बारावीत जातो. पालिकेला सातबारा उघडून पाहायला वेळ मिळत नाही. ह्या शांततेवर मात्र हरकत घ्यायला कुठलंच कलम नाही.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांची यादी दिलेली आहे. अठरा विषय आहेत. पहिला नगररचना, दुसरा जमिनीच्या वापराचं नियमन. कोंडवाडा पंधरावा. आमच्या सभागृहात कोंडवाड्यावर तीन तास चर्चा झाल्याची नोंद आहे. आमचं मैदान 'ऐनवेळचे विषय' ह्या सदरात निघालं, जेव्हा निम्मे सभासद चप्पल शोधत होते. आणि तिथं मला 'सूचना' ह्या शब्दाचाही उलगडा झाला. आपण देतो ती सूचना. सभासद देतात ती 'उपसूचना'. आपली सूचना दप्तरी दाखल होते. उपसूचना एकमतानं मंजूर होते. आमच्या मैदानाला लागून असलेली आणखी एक पट्टी उपसूचनेनंच त्या प्रस्तावात येऊन बसली, जिच्याबद्दल निवेदनात अवाक्षर नव्हतं. ज्या जागेचा उल्लेखच नाही, तिच्यावर हरकत कशी घेणार? ज्यांना वाटतं की सभागृहच नसेल तर बरं, त्यांनी २०२२ पासूनची ती वर्षं आठवावीत, जेव्हा पुण्या-मुंबईसकट अनेक शहरांत मुदत संपली आणि निवडणुका झाल्या नाहीत. तेव्हा आयुक्तच प्रशासक होते. आयुक्त म्हणून प्रस्ताव स्वतःच मांडायचा आणि सभागृह म्हणून स्वतःच संमत करायचा. उपसूचनेचीही गरज नाही, आणि मतभेद झालाच तर आरशासमोर मिटवायचा.

प्रस्ताव सध्या मंत्रालयात आहे. पोरं सध्या मैदानात आहेत. दोघांपैकी कोण आधी बाहेर येतं, ह्यावर आमच्या जिन्यात पैजा लागल्या आहेत.

तोपर्यंत माझं मागणं फार मोठं नाही. ज्या जागेचा वापर बदलायचा, त्या जागेवरच पाटी लावा. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल एवढ्या अक्षरात, आणि स. नं. बरोबर लोक म्हणतात ते नावही लिहा. सुनावणी संध्याकाळी साडेसहानंतर, त्याच भागातल्या शाळेत घ्या. बाकं लहान असतात, साहेबांना थोडी सवय होईल. फेटाळलेल्या प्रत्येक हरकतीपुढं 'नोंद घेतली'ऐवजी कारण लिहा. आणि सह्या मोजा, कागद मोजू नका.

पाटीचं तर आम्ही पालिकेवर ओझंही ठेवलं नाही. मास्तरांनी स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात एक पुठ्ठा रंगवला: 'हे मैदान म्हणजेच स. नं. ४७, हिस्सा ३अ/२. ह्याचे दुकान होणार आहे. तुमची हरकत आहे का?' रविवारी सकाळी तो विजेच्या खांबाला बांधला. तिथून दहा पावलांवर एका दादांच्या वाढदिवसाचा चाळीस फुटी फलक चार महिने उभा आहे. वाढदिवस पुन्हा येईल तेव्हा तोच चालेल, असा हिशेब असावा. सोमवारी दुपारी पालिकेची गाडी आली, सोबत पाच माणसं आणि एक शिडी. ह्या भागात पालिकेची गाडी तक्रार न करता येण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून पोरांनी खेळ थांबवून टाळ्या वाजवल्या. त्यांनी मास्तरांचा पुठ्ठा काढला, त्याचा पंचनामा केला आणि गाडीत घातला. बुधवारी मास्तरांना घरपोच नोटीस आली, विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणाऱ्या १९९५ च्या कायद्याखाली: विनापरवाना फलक लावून शहराचं विद्रूपीकरण केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये? म्हणणं मांडायचं असल्यास सात दिवसांत लेखी मांडावं.

मास्तरांनी उत्तर लिहायला घेतलं आहे. काल रात्री नवव्या पानावर होते.